प्राणी स्थलांतर का करतात, आणि त्यांना वाट कशी कळते?

तुम्ही विचारलंय की प्राणी थंडीला कंटाळून निघतात का. थंडीचं कारण शाळेपासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण ते अर्धंच खरं आहे. अंगावर पिसं असलेला पक्षी बरीच थंडी सोसतो. त्याला हलवते ती उपासमार: बर्फ पडला की किडे नाहीसे होतात, तळी गोठतात. आणि जिथे थंडीचा काही संबंधच नाही, तिथूनही प्राणी निघतातच.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पक्ष्याचं नाही, चतुराचं आहे. पाऊस ओसरताना, नवरात्राच्या आगेमागे, मोकळ्या मैदानावर किंवा भातखाचरांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालत असतात, क्वचितच कुठे टेकतात. त्यांतले बरेचसे ‘ग्लोब स्किमर’ म्हणजे पँटाला फ्लॅवेसेन्स असतात. अंगाची लांबी जेमतेम साडेचार सेंटीमीटर, वजन एक ग्रॅमसुद्धा नाही.

हा चतुर पावसाने साचलेल्या डबक्यांत अंडी घालतो. डबक्यात मासे नसतात, त्यामुळे पिल्लं वाचतात. पण डबकं आटतं. म्हणून पिल्लांची वाढ भराभर, साधारण दीड-दोन महिन्यांत उरकते. पंख फुटेपर्यंत आपल्याकडचा पाऊस संपत आलेला असतो. पुढची डबकी कुठे? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती पूर्व आफ्रिकेत असतात, कारण तिथे तेव्हा पाऊस सुरू होतो. मधे अरबी समुद्र आणि हिंदी महासागर.

मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञांना प्रश्न पडला की इथे उघड्यावर गोडं पाणी जवळपास नाहीच, मग दर ऑक्टोबरला हजारो चतुर येतात कुठून? २००९ साली त्यांनी मांडलं की ते भारतातून निघून मालदीव, सेशेल्स करत आफ्रिका गाठतात. तीनएक वर्षांनी चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांची (म्हणजे त्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंची; त्यांच्या प्रमाणावरून चतुर कुठल्या पाण्यात वाढला याचा अंदाज येतो) तपासणी झाली, आणि मालदीवमध्ये सापडलेले चतुर उत्तर भारतात किंवा त्याच्याही पलीकडे जन्मलेले असावेत असं दिसलं.

एवढासा जीव हे जमवतो वाऱ्याच्या जोरावर. या दिवसांत हजारएक मीटर उंचीवर ईशान्येकडून वारा वाहतो. चतुर त्यावर चढतो आणि रुंद पंख पसरून बराच वेळ नुसता तरंगतो. उन्हाळा सरताना नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की त्यांच्यासोबत परतीचा प्रवास. अँडरसन यांच्या अंदाजाने पूर्ण फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा भरतो आणि त्यात चार पिढ्या खपतात. म्हणजे गेलेला चतुर परत येत नाही, त्याची पतवंडं येतात!

वाटेचं उत्तरही यातच आहे. चतुराला रस्ता दाखवायला आधीची पिढी उरलेलीच नसते. कधी निघायचं, कोणत्या वाऱ्यावर चढायचं, हे उपजतच असणार. चातकाचंही तेच. चातकाची मादी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे पिल्लू वाढवतात ते सातभाई, जे जन्मभर परिसर सोडत नाहीत, तरी ते पिल्लू मोठं होऊन आफ्रिकेची वाट धरतं. पक्षी सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व वापरतात हे प्रयोगांतून सिद्ध झालंय. उलट क्रौंच आणि हंस यांची पिल्लं पहिल्या प्रवासात आईबापांच्या सोबत उडून वाट शिकतात.

सैबेरियाकडून नागालँडमार्गे आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे साधारण याच सुमारास अरबी समुद्र ओलांडतात. वाटेत ते हे चतुरच खात असावेत, असा अँडरसन यांचा तर्क आहे. मला तो पटतो, कारण मधे उतरायला जमीनच नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ माळांवरच्या वाइल्डबीस्टबद्दलही (गाईबैलांसारखं दिसणारं एक मोठं हरीण) तुम्ही विचारलंय. तिथेही थंडी नाहीच. दहा लाखांहून जास्त जनावरं पावसामागून, कोवळ्या गवतासाठी, टांझानिया आणि केनियात फिरत राहतात. वासरं होतात ती साधारण फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळांवर. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची असल्यामुळे गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, आणि दुभत्या माद्यांना तेच हवं असतं.