मारली त्या दिवशी गोळी घेऊ की नको?

"मॅडम, आज पावडर झालीये. एआरटीची गोळी घेऊ की नको?"

मुंबईतल्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय, की समोरचा खुर्चीत कसा बसतो त्यावरूनच तो मला कळतो. बरेच जण तर विचारतच नाहीत. गोळी गुपचूप बाटलीत राहते. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते: घ्यायची. पावडर, म्हणजे गर्द, ओढलेली असो, सुई झालेली असो, दारू असो, त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही.

आपण त्याला विनायक म्हणू. तिशी ओलांडलेला, भंगार विकणारा, हार्बर लाइनजवळच्या एका पुलाखाली झोपणारा. "रोज घेतो, मॅडम," हे त्याचं ठरलेलं वाक्य. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं मोजमाप, १०००च्या आत हवा, तो कितीतरी वर. महिन्याची ३० गोळ्यांची बाटली टेबलावर उलटी केली, तर ११ शिल्लक.

पहिल्या दोन भेटींत मी शिकवलं. गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला सरावतो, मग तेच औषध चालेनासं होतं, वगैरे. तो नंदीबैलासारखा मान हलवत राहिला. खरं सांगायचं तर मी त्याच्याशी नाही, माझ्या तक्त्याशी बोलत होते.

तिसऱ्या वेळी म्हटलं, "औषधाचं राहू दे. या अकरा दिवसांचं सांग."

"त्या दिवशी मारली होती ना. दोन्ही एकत्र गेलं की लिव्हर खल्लास."

"कोणी सांगितलं?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच. नशेत गोळ्या घेऊ नकोस, म्हणालात."

म्हणाले होते. नशेत वेळ चुकते, एकदम दोन घेतल्या जातात, एवढंच मला म्हणायचं होतं. मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आणि पोटात घाण असताना ती गोळी घ्यायची म्हणजे... आंघोळ न करता देवाला शिवल्यासारखं वाटतं, मॅडम."

या एका वाक्यासाठी मी तीन महिने खर्च केले, आणि ते वसूल झाले. त्यानं गोळी सोवळ्यात ठेवली होती. ते सोवळं आम्हीच शिकवलेलं. "आधी नशा सोड, मग बघू" असं सांगत आलो, आणि औषध म्हणजे चांगलं वागल्याचं बक्षीस होऊन बसलं. ही गोष्ट मला कुठल्या प्रशिक्षणात सापडली नव्हती.

"अरे, तो विषाणू सोवळं पाळतो का? तू मारतोस त्या दिवशी तो उपास धरतो?"

विनायक हसला. मोठ्यानं. पहिल्यांदाच.

नशा सोडवण्याच्या मी विरोधात नाही. पण ती सुटेपर्यंत माणूस टिकला पाहिजे, ही माझी भूमिका. आजची टीएलडी, म्हणजे तीन औषधांची दिवसाला एक गोळी, गर्दच्या जागी देतात त्या बुप्रेनॉर्फिनशी भांडत नाही. लोकांची भीती अगदीच हवेतली नव्हती, हेही सांगते. पूर्वीच्या गोळीतलं एफाविरेंझ मेथाडोनचा, म्हणजे गर्दच्या जागी देतात त्या दुसऱ्या औषधाचा, जोर कमी करायचं आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागायची. त्या आठवणी फूटपाथवर अजून फिरतात.

विनायक सकाळी ओएसटीला, म्हणजे गर्दच्या जागी औषध देतात त्या केंद्रावर, जायचाच. तिथे बुप्रेनॉर्फिनचा चुरा जिभेखाली ठेवतात. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. तोंड मिटून गप्प बसायचं. आम्ही ठरवलं, चुरा विरघळला की पाण्याचा पहिला घोट टीएलडीसोबत. बाटली बहिणीकडे, खिशात दोन-तीन दिवसांपुरत्याच गोळ्या. कारण पुलाखालचं सामान गाडीत भरून नेलं, की बाटलीही जायची.

बाकी नेहमी विचारलं जातं ते थोडक्यात. गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन नकोत. ॲसिडिटीचं पातळ औषध घेणार असाल, तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर एआरटी आणि ओएसटी, दोन्हीकडे लगेच सांगा. रिफाम्पिसिन दोन्ही औषधांचा जोर कमी करतं, डोस बदलावा लागतो. व्हायरल लोड सापडेनासा झाला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, पण सुई वाटून घ्यायला ही सूट नाही. हेपॅटायटिस सीही त्या सुईतून येतो. आणि नातेवाइकांनो, तुम्ही विचारलंत तरी त्याचा रिपोर्ट मी त्याच्या संमतीशिवाय देणार नाही. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तो त्याचा हक्क आहे.

पुढच्या तपासणीत विनायकचा व्हायरल लोड सापडला नाही. पावडर पूर्ण सुटली का? नाही. मध्ये दोनदा घसरला. त्या दोन्ही वेळच्या गोळ्या मात्र पोटात गेल्या होत्या. मी मोजल्या.

"नशेत गोळी घेऊ नकोस" हे वाक्य मी टाकून दिलंय. नवीन आलेल्याला आता सरळ विचारते, "मारतोस त्या दिवशी गोळीचं काय करतोस?" बहुतेक जण आधी दाराकडे बघतात. मी उठून दार लावते.