चंदन लावले, पण वास येत नाही

प्रश्न : मी सोलापुरात एका शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत मी चंदनाचे अत्तर आणि चंदनाचाच एक परफ्यूम असे दोन्ही घेतले. अत्तर मनगटावर लावले की जेमतेम वीस मिनिटे मला वास येतो आणि मग काहीच जाणवत नाही. मात्र दुपारी घरी परतल्यावर सासूबाई हमखास विचारतात, ‘आज चंदन लावले होतेस ना?’ परफ्यूमचे नेमके उलट होते. सकाळी वर्गभर घमघमाट असतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत नुसती साखरेसारखी गोडसर झाक उरते. यांत खरे चंदन कोणते? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या सासूबाईंचे नाक बरोबर सांगत आहे. अत्तर उडून गेलेले नसते, आपले नाक त्याला सरावलेले असते. एकच वास सतत आणि एकाच जोराने येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, आणि चंदनाच्या बाबतीत हे फार लवकर घडते, कारण पहिली काही मिनिटे सोडली, तर त्याचा वास शेवटपर्यंत फारसा बदलतच नाही. अस्सल चंदनतेलात सुवास देणाऱ्या मुख्य घटकांपैकी अल्फा सँटॅलॉल साधारण ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. हे दोन्ही घटक जड असल्याने ते लिंबाच्या सालीतल्या तेलासारखे भुर्रकन उडत नाहीत, तर त्वचेला धरून सावकाश सुटत राहतात. म्हणून चंदन दूरवर दरवळत नाही. जवळ येणाऱ्यालाच ते कळते.

वासाचे म्हणाल, तर त्वचेवर पहिली काही मिनिटे नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडासारखा कोरडा आणि काहींना किंचित आंबूस वाटणारा वास येतो. मग तो निवतो आणि आटवलेल्या दुधावरच्या सायीसारखा मऊ, दुधाळ होतो. ही साय चार-पाच तासांनीही मनगटावर सापडते, मात्र त्यासाठी मधूनमधून मोकळ्या हवेत जाऊन नाक ताजे करून यावे लागते. देवघरात सहाणेवर उगाळलेल्या गंधाशी याची तुलना करू नये. गंधातले पाणी उडताना कपाळाला गारवा मिळतो, त्या गारव्यालाच आपण निम्मा सुवास समजत असतो. गंध वाळले की वास दबतो आणि घामाने ओलावा आला की पुन्हा उठतो.

परफ्यूममध्ये अल्कोहोल असते, ते उडताना सुरुवातीचे हलके सुगंध सोबत घेऊन जाते. वर्गभर पसरतो तो हाच भाग. त्यातले ‘चंदन’ बहुतेक वेळा सँडेलोर, जॅव्हॅनॉल यांसारख्या प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्यांचे असते. त्यात कमीपणा काही नाही, पण यांतील एखादे द्रव्य काही नाकांना जवळजवळ कळतच नाही. मागे उरणारी गोडी बहुधा व्हॅनिलासारख्या द्रव्याची असावी. तेव्हा वाईट दोघांपैकी कोणीच नाही; मला विचाराल तर शाळेत अत्तर आणि लग्नकार्यात परफ्यूम लावावा.

सोलापूरचा एप्रिल-मे मात्र वेगळा हिशेब मागतो. चाळिशीपार पाऱ्यात वास जोरात सुटतो आणि तितक्याच लवकर संपतो, त्यातच कोरडी त्वचा तेल धरून ठेवत नाही. आंघोळीनंतर बिनवासाच्या मलमाचा पातळ हात फिरवून कोपराच्या आतल्या बाजूला अत्तराचा एकच ठिपका लावावा. मनगटे एकमेकांवर चोळू नयेत असे सांगितले जाते. चंदनाच्या बाबतीत चोळल्याने फारसे बिघडत नाही. लावण्यापूर्वी मात्र हाताच्या आतल्या बाजूला एक दिवस चाचणी घ्यावी, कारण पुरळ उठणाऱ्यांना अस्सल तेलही सोसेलच असे नाही.

प्रश्न : तेल शुद्ध आहे हे घरी कसे ओळखावे? कागदावर डाग राहिला तर भेसळ, असे ऐकले आहे.

उत्तर : ही परीक्षा चंदनाला लावू नये. चंदनतेल इतके सावकाश उडते की अस्सल असूनही डाग बराच काळ दिसतो. त्याऐवजी जाड कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकून ती कपाटापासून दूर ठेवावी आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हुंगावी. पहिल्या तासातच धारदार किंवा साबणासारखा वास येऊन तो झपाट्याने पालटत असेल, तर शंका घ्यावी. लाल चंदन हे वेगळेच झाड आहे; त्याच्या लाकडाला रंग असतो, पांढऱ्या चंदनाचा सुवास नसतो. पांढऱ्या चंदनातही सुवास असतो तो खोडाच्या गाभ्याला आणि मुळांना. बाहेरचे फिकट लाकूड जवळजवळ बिनवासाचेच असते. म्हणूनच झाड मोठे होऊन गाभा धरेपर्यंत वर्षे थांबावे लागते आणि तेल महाग राहते. स्वस्त ‘शुद्ध’ कुपीची बाकीची परीक्षा तिची किंमतच करते.

प्रश्न : अत्तर कपड्यांवर लावावे का?

उत्तर : सुती कपड्यावर चालेल; चादरीच्या जाड सुतात तर वास अनेक दिवस टिकतो. रेशमी साडीवर, विशेषतः काठावर, लावू नये, कारण तेलाचा पिवळट डाग सहसा जात नाही. पदराला वास हवाच असेल, तर अत्तराचा फाया मलमलीच्या पुरचुंडीत बांधून साडीच्या घडीपासून चार बोटे दूर कपाटात ठेवावा.