धुळ्यात गोंदूर विमानतळाच्या बाजूला लग्नाचं शूटिंग आहे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला परवानगी लागते का? मित्र म्हणतो, एवढ्या छोट्याला काही लागत नाही.

मित्राचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो. तो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पैसे घेऊन शूट केलं तरी. पण हवाई क्षेत्राचे रंग नॅनोलाही लागू आहेत.

डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लॉनची नेमकी जागा पाहा. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी नको. चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा २०० फुटांवर येते. हे अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजतात, धावपट्टीपासून नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. नकाशा शूटिंगच्या दिवशी पुन्हा उघडा. सभा किंवा दौरा असेल तर पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरतं लाल क्षेत्र जाहीर करू शकतो.

आता खरी काळजीची गोष्ट. गोंदूर, शिरपूर, जळगाव, तिन्हीकडे शिकाऊ वैमानिक उडतात. उतरायचं, लगेच पुन्हा उडायचं, असा त्यांचा सराव तासन्‌तास चालतो. उतरताना नेहमीच्या तीन अंशांच्या कोनात विमान ४०० फुटांवर येतं तेव्हा धावपट्टी अजून सव्वादोन किलोमीटर लांब असते. म्हणजे तेवढ्या लांबच्या शेतावरही ते तुमच्याच उंचीवर असतं. वैमानिकाला तळहाताएवढा ड्रोन दिसत नाही. माणूस बसलेल्या विमानाला वाट देणं ही कायद्याने ड्रोनवाल्याची जबाबदारी आहे, नकाशा हिरवा असला तरी.

हिशोब बघा. १२० मीटरवरून सेकंदाला ३ मीटरने उतरायला ४० सेकंद लागतात. तेवढ्यात ९० नॉटचं (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) विमान १८०० मीटरहून जास्त येतं. त्यामुळे विमान दिसायची वाट पाहू नका, आवाज कानावर पडताच खाली घ्या. डीजे चालू असेल तर आवाज येणारच नाही, म्हणून एक माणूस फक्त आकाशाकडे बघायला उभा करा. लग्नाच्या फ्रेमला तसेही ४० मीटर पुरतात.

विमान येत असताना ‘रिटर्न टू होम’ (आरटीएच, ड्रोन आपोआप परत आणणारं बटण) अजिबात दाबू नका. ड्रोन खाली आणि लांब असेल तर तो आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत वर चढतो, मग परत येतो. स्टिक खाली ओढून जागच्या जागी उतरवा. आणि ती आरटीएच उंची उडवण्याआधीच आसपासच्या झाडा-तारांच्या थोडी वर, एवढीच ठेवा.

धुळ्याजवळच्या लळिंगसारख्या टेकडीवरून उडवणार असाल तर स्क्रीनवरची उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. स्क्रीनवर ८० मीटर दिसत असताना पायथ्याच्या शेतावर तुम्ही १२० मीटर केव्हाच ओलांडलेले असता.