पहिली कयाक: भांडुपचा तिसरा मजला ते उल्हास नदी

भांडुपला तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, चारचाकी नाही, वजन ८२ किलो, बजेट २५ हजार, आणि उल्हास नदीत मरळ-शिंगाळ्यासाठी बारा फुटी फिशिंग कयाक, म्हणजे मासेमारीसाठीची अरुंद, वल्ह्याची होडी, घ्यायचा विचार. एवढं सगळं लिहिलंत हे बरं केलंत, त्यामुळे नेमकं सांगता येतं. बारा फुटी घेऊ नका.

ती कयाक पाण्यावर उत्तमच चालते. अडचण जिन्यात आहे. कडक प्लास्टिकची बारा फुटी कयाक तीस किलोच्या आसपास भरते आणि साडेतीन मीटरहून लांब वस्तू जुन्या इमारतीच्या जिन्यात वळत नाही. माझी पहिली कयाक दहा फुटी, सेकंडहँड होती. घरात जागा नव्हती म्हणून नेरळजवळ नातेवाइकांच्या पडवीत ठेवली. दर वेळी त्यांना फोन, मग छोटा हत्ती ठरवायचा, उचलायला माणूस शोधायचा. पहिल्या वर्षात ती चारदा पाण्यात गेली. पुढे हवा भरायची कयाक घेतली आणि महिन्यातले दोन-तीन रविवार नदीवर जाऊ लागले. पाठीवर बॅग, ठाण्याला गाडी बदलून पहाटेची कर्जत लोकल, पुढे रिक्षा. तुम्हालाही हाच मार्ग झेपेल.

आता कुठली घ्यायची? हवेच्या कयाकी बनवणाऱ्या इंटेक्स कंपनीची चॅलेंजर के-१ एकट्यासाठीची म्हणून लोक आधी तिच्याकडे वळतात. तिची क्षमता १०० किलो. तुम्ही ८२, त्यात रॉड, जॅकेट, पाणी, डबा धरून बारा किलो, म्हणजे ९४ झाले. छापलेल्या क्षमतेच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंतच वजन ठेवावं, नाहीतर कयाक पाण्यात दबते आणि वल्हवायला जड जाते. म्हणून दोघांची घ्या आणि एकट्याने वापरा. त्याच कंपनीची एक्सप्लोरर के-२ ३१२ सेंटीमीटर लांब, ९१ रुंद, क्षमता १८० किलो. मागची सीट काढून टाकायची, पुढची मध्यावर सरकवायची. एवढ्या रुंदीवर बसून गळ टाकताना कयाक डुगडुगत नाही. त्यांच्याच एक्सकर्शन प्रोचं कापड जास्त जाड आणि रॉड ठेवायची सोयही आहे, सेकंडहँड चांगली मिळाली तर तीच घ्या. फक्त विकत घेण्याआधी विकणाऱ्यासमोर पूर्ण हवा भरून तासभर तशीच ठेवायला सांगा आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

सगळे पैसे कयाकीतच घालवू नका. एक्सप्लोररसोबत येणारं वल्हं २१८ सेंटीमीटरचं असतं. ९१ रुंदीच्या कयाकीला ते तोकडं पडतं, बोटं कडेवर घासतात. २४० चं घ्या. आणि त्याच्याही आधी लाईफ जॅकेट, किमान ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे पाण्यात वर उचलण्याच्या जोराचं माप), अंगावर घट्ट बसणारं. पोहता येत नसेल तर त्याहून जास्त उचल देणारं घ्या आणि पोहायलाही शिका. जॅकेट सीटखाली ठेवून फोटोपुरतं घालणारे लोक पाहिलेत, तसं कृपया करू नका.

सिट-इन म्हणजे आत पाय घालून बसायची कयाक स्वस्तात मिळाली तरी सुरुवातीला नको. मी मित्राची एक चालवत असताना शेलूजवळ उलटलो. कयाक काठोकाठ भरली आणि डोहाच्या मध्यात तिच्यात परत चढताच येईना. शेवटी तिला धरून पाय मारत काठाला यायला वीस मिनिटं लागली. हवेच्या कयाकीवर कडेने पोटावर चढता येतं. पहिल्याच दिवशी, मासेमारीआधी, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पडा आणि पाच वेळा चढून बघा.

हवेच्या कयाकीचे शत्रू म्हणजे काठावरची बाभूळ, उघडा गळ आणि शिंगाळ्याचे काटे. मासा जाळीत घेऊन काठावरच गळ काढा. उन्हात काठावर ओढून ठेवताना थोडी हवा सोडा, तापली की आतला दाब वाढतो. घरी गेल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

आणि नदी. मे महिन्यातही उल्हास वाहती दिसते, कारण भिवपुरीच्या वीजनिर्मिती केंद्रातून सोडलेलं पाणी तिच्यात येतं. त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी वरखाली होते. पोचल्यावर काठावरच्या दगडावर पाण्याची खूण करून ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. पावसाळ्यात जायचंच नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली ती याच नदीच्या पुरात. बदलापूरच्या बॅरेजपासून आणि कुठल्याही बंधाऱ्यापासून लांब राहा, खाली पडणारं पाणी तिथल्या तिथे फिरतं आणि माणसाला सोडत नाही. कल्याणच्या बाजूला जलपर्णी आहे, तिच्यात वल्हं चालत नाही. वाहत्या पाण्यात कडेला नांगर बांधू नका, कयाक उलटते.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की हलकी कयाक पानासारखी ढकलली जाते, म्हणून अकरापर्यंत आवरा. कातकरी मंडळींची जाळी दिसली तर वळसा घाला आणि उतरण्याआधी त्यांनाच विचारा, कुठल्या डोहात खडक वर आहेत ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. नोव्हेंबरमध्ये वांगणी-शेलूच्या संथ डोहांपासून सुरुवात करा. पहिल्या दोन खेपा रॉड घरीच ठेवा, नुसतं वल्हवा.