इजिप्तच्या संदर्भात 'आरमार', 'नौदल', 'गोदी' आणि 'तळ'

प्रश्न असा आहे : इजिप्तच्या सागरी इतिहासावरील मराठी मजकुरात फॅरोंच्या काळातील पेरु-नेफर, एकोणिसाव्या शतकातील इजिप्तचा शासक मुहंमद अली याच्या काळातील अलेक्झांड्रिया आणि २०२१ साली सुरू झालेले गरगूब या तिन्ही ठिकाणांना सरसकट 'नाविक तळ' म्हटलेले आढळते, ते योग्य आहे काय, आणि 'आरमार' व 'नौदल' यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा?

माझ्या मते शब्द निवडताना त्या ठिकाणी प्रत्यक्ष काय चालत होते, हे आधी पाहावे. पेरु-नेफरचेच पाहू. तिसरा थुटमोस आणि दुसरा आमेनहोटेप या फॅरोंच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व पंधराव्या शतकात, हे ठिकाण भरभराटीस आले. ते मेम्फिसजवळ होते की नाईलच्या त्रिभुज प्रदेशात प्राचीन अवारिसच्या जागी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र तेथे काय चालत होते याचा चांगला पुरावा ब्रिटिश म्युझियममधील एका पपायरसात (लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदावरील दस्तऐवजात) आहे. कोणत्या जहाजासाठी कोणत्या कारागिराला कसले लाकूड दिले, याच्या त्या नोंदी आहेत. लाकडाचा असा हिशेब जेथे ठेवला जातो त्या जागेला मराठीत 'गोदी' हा नेमका शब्द उपलब्ध असताना 'नाविक तळ' म्हणण्याचे कारण दिसत नाही. फार तर 'गोदी आणि बंदर' म्हणावे.

त्याच कारणासाठी फॅरोंच्या जहाजांना 'नौदल' म्हणणेही मला खटकते. दक्षिण इजिप्तमधील एल-काब येथील आपल्या थडग्यात कोरलेल्या आत्मवृत्तात अहमोस, एबानाचा पुत्र, हा सैनिक सांगतो की तो आपल्या वडिलांच्या जागी 'रानवृषभ' नावाच्या जहाजावर सैनिक म्हणून लागला, आणि पुढे अवारिसच्या वेढ्यात राजा रथातून निघाला की त्याच्यामागे पायी चालत गेला. जहाजावरचा आणि जमिनीवरचा सैनिक एकच असेल, तर भूदलाहून वेगळे असे 'दल' तेथे होते, असे वाचकाला सुचवणे दिशाभूल करणारे ठरते. मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतींवरील तिसरा रामेसेस या फॅरोच्या प्रसिद्ध जलयुद्धाच्या शिल्पातही जहाजांवरून आणि काठावरून एकाच वेळी बाणांचा वर्षाव होताना दिसतो. अशा ठिकाणी 'युद्धनौका' किंवा 'जहाजांचा ताफा' पुरेसे आहे.

मध्ययुगाकडे आले की 'आरमार' शब्द स्वाभाविक वाटू लागतो. हा शब्द सामान्यतः पोर्तुगीज 'आर्मादा'शी जोडला जातो, आणि इजिप्तच्या बाबतीत त्याला एक गंमतीदार पार्श्वभूमी आहे. इजिप्तवर तेव्हा राज्य करणाऱ्या मामलुक घराण्याचा सुलतान कानसूह अल-घुरी याने पोर्तुगिजांविरुद्ध सुएझ येथे जहाजे बांधवून अमीर हुसेन अल-कुर्दी याच्या हाताखाली हिंदुस्थानाकडे पाठवली. १५०८ साली या ताफ्याने दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या साहाय्याने आपल्या चौलच्या खाडीत पोर्तुगिजांना हरवले; त्यांचा सेनानी लोरेंसो द अल्मेदा तेथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी दीव येथे या ताफ्याचा पराभव झाला. म्हणजे ज्या भाषेतून 'आरमार' आपल्याकडे आले असे मानतात, ती भाषा बोलणाऱ्यांशीच इजिप्तचे आरमार कोकणात लढले होते. हा ताफा दीवला येऊन राहिला, त्याला मात्र 'तळ' हा शब्द अगदी शोभतो, कारण मराठीत तळ पडतो, हलतो आणि उठतो; कायम वस्तीला आपण 'ठाणे' म्हणत आलो आहोत.

तथापि 'आरमार' म्हणजे केवळ मोहिमेपुरता जमवलेला ताफा, असेही समजू नये. पेशवाईत 'सुभा आरमार' ही स्थायी व्यवस्था होती. म्हणून मुहंमद अलीच्या बाबतीत मी हाच शब्द ठेवीन. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या किनाऱ्यावरील नवारिनोच्या लढाईत त्याच्या जहाजांची मोठी हानी झाली, आणि त्यानंतर त्याने तूलाँचा फ्रेंच अभियंता सेरिझी याला आणून १८२९ पासून अलेक्झांड्रियाची गोदी नव्याने उभी केली. या गोदीसाठी अरबीत 'तरसाना' शब्द आहे. त्याचे मूळ 'दार अस्-सिनाआ', म्हणजे कारागिरीचे घर. तेच मूळ इटलीमार्गे इंग्रजीतील 'आर्सेनल'मध्ये गेले. मराठी लेखक या इंग्रजी शब्दाचे डोळे झाकून 'शस्त्रागार' असे भाषांतर करतात आणि जहाजे बांधणारी अख्खी गोदी दारूगोळ्याचे कोठार होऊन बसते! अलेक्झांड्रियाच्या संदर्भात ही चूक फार वेळा दिसते.

विसाव्या शतकातील इजिप्तसाठी 'नौदल' निर्विवाद आहे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदहून क्षेपणास्त्रे सोडून इस्रायलची 'एलात' ही विनाशिका ज्यांनी बुडवली, ते इजिप्तचे नौदलच होते, आणि तो दिवस तेथे नौदल दिन म्हणून पाळला जातो. गरगूब येथे लिबियाच्या सीमेच्या बाजूला ३ जुलै २०२१ रोजी उद्घाटन झालेल्या ठिकाणाला 'तळ' म्हणण्यास हरकत नाही, कारण या शब्दाचा कायमस्वरूपी अर्थ वृत्तपत्रांनी आता रूढ केला आहे. फक्त 'नाविक' हा शब्द खलाशासाठीही वापरला जात असल्याने 'नाविक तळ' ऐवजी 'नौदलाचा तळ' लिहावे, असे मी सुचवीन.