डब्ब्याचं भाडं सगळ्यांचं कापलं, मग तडजोड एकट्याशी कशी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून एका पानठेलेवाल्या भाऊंचं पत्र आलं आहे. त्यांच्या गावात गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी एका ऑनलाइन पेमेंट कंपनीचा पोरगा आला आणि 'पैसे आले की बोलणारा' डब्बा ठेल्याठेल्यावर बसवून गेला. "फुकट आहे, फक्त आधार अन् पासबुक दाखवा," असं त्यानं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून दरमहा १२५ रुपये कापले जाऊ लागले. १४ महिने झाले. चहाटपरी, किराणा, सलून, पंक्चरवाला, भाजीवाल्या बाया मिळून असे ४१ जण आहेत. भाऊंनी पुढाकार घेऊन सगळ्यांची यादी केली. ते कळताच कंपनीचा माणूस घरी आला आणि म्हणाला, "तुमचे १,७५० अन् वर हजार देतो, या कागदावर सही करा, गावाचं सोडा." त्यातच पुण्याच्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवला की अमेरिकेत पेमेंट कंपन्यांच्या ग्राहकांना फॉर्म भरून सेटलमेंटचे पैसे मिळतात. तालुक्याला एकजण तसा फॉर्म भरून द्यायचे माणशी ३०० रुपये घेतोय. भाऊ विचारतात: सही करू का? आणि आपल्याकडे सगळ्यांचा मिळून एकच दावा होतो का?

भाऊ, तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. सुपारीच्या बरण्यांमागे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला डब्बा आणि शेजारी पासबुकाची झेरॉक्स. तिच्यावर तुम्ही निळ्या पेनानं १४ ठिकाणी गोल केले आहेत. डब्बा बंद पडून सहा महिने झाले असं लिहिता, म्हणजे त्यातले सहा गोल मुक्या डब्ब्याच्या भाड्याचे आहेत. ही झेरॉक्स जपून ठेवा.

आधी सहीचं बोलतो, कारण तो माणूस येत्या बाजारी परत येणार आहे. आज कुठंही तक्रार दाखल नाही, तेव्हा तुमच्या स्वतःच्या पैशापुरती तडजोड करायला कायदा तुम्हाला अडवत नाही. तरीही मी सांगेन, सही करू नका. तो कागद इंग्रजीत आहे आणि त्यात 'फुल अँड फायनल', म्हणजे आता काही मागणं उरलं नाही, असं आहे, हे तुम्हीच लिहिलंय. सही झाली की तुमची तक्रार तिथंच मिटते. ४१ जणांत सगळ्यात नीट कागद तुमचे आहेत आणि यादीही तुमच्याच वहीत आहे. कंपनीला हजार रुपये जड नाहीत. तिला ती वही मिटवायची आहे. मागे एका प्रकरणात पुढाकार घेणाऱ्यानं अशीच सही केली. बाकीचे माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हाती ना यादी होती ना तारखा. त्यांचं काम उभं करता करता मुदत निघून गेली. ते मला आजही बोचतं.

एकदा ग्राहक आयोगाच्या, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायपीठाच्या, परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं तक्रार चालू झाली की मात्र चित्र पार बदलतं. अशा प्रातिनिधिक तक्रारीला दिवाणी प्रक्रिया संहितेचा (दिवाणी कोर्टाचं काम कसं चालवायचं ते सांगणारा कायदा) आदेश १ नियम ८ लागू होतो. ज्यांच्या वतीनं तक्रार आहे त्या सगळ्यांना नोटीस दिल्याशिवाय प्रतिनिधीला तक्रार सोडता येत नाही, मागे घेता येत नाही, तडजोडही नोंदवता येत नाही. आदेश २३ नियम ३ब तर म्हणतो की प्रातिनिधिक दाव्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड रद्दबातल आहे. पुढारी फोडून गाव गप्प करायची युक्ती फार जुनी आहे, आणि कायद्यानं ती ओळखून ठेवली आहे.

आता व्हिडिओ. भाच्यानं पाठवलेलं खोटं नाही. पेपाल कंपनीनं ग्राहकांची खाती अडवून ठेवल्याच्या दाव्यात २००४मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. कॅश अ‍ॅपच्या माहितीचोरीच्या दाव्यात २०२४मध्ये दीड कोटी डॉलरचा निधी ठरला, आणि त्याच्या अर्जाची मुदत १८ नोव्हेंबर २०२४लाच संपली. तिकडच्या पद्धतीत एक-दोघं दावा लावतात, न्यायालय ग्राहकांचा गट ठरवतं, आणि जो 'मला यात धरू नका' असं कळवत नाही तो आपोआप गटात धरला जातो. तडजोडीला न्यायाधीशाची मंजुरी लागते, मग लोक फॉर्म भरून आपला वाटा मागतात. पण तो निधी त्या कंपनीच्या, त्या काळातल्या, त्या गटात बसणाऱ्या ग्राहकांचा असतो. घाटंजीच्या डब्ब्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ३०० रुपये घेऊन फॉर्म भरणारा तुम्हाला दुसऱ्यांदा लुटतोय. त्याला कोणी आधार क्रमांक किंवा ओटीपी दिला असेल तर त्यानं आजच बँकेत जाऊन सांगावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

आपल्याकडे सोय आहे, पण घरी बसून वाट पाहून पैसे येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५(१)(क): ज्यांचं हित सारखं आहे अशा अनेक ग्राहकांपैकी एक किंवा काही जण, जिल्हा आयोगाची परवानगी घेऊन, सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतात. परवानगी मिळाली की बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. माणसं फार असतील तर वर्तमानपत्रात जाहिरात, आणि तो खर्च तक्रारदाराचा. शेवटी जो आदेश होईल तो सगळ्यांवर बंधनकारक असतो, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

म्हणूनच तुमच्या ४१ जणांसाठी मी हा रस्ता धरणार नाही. बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पात १,१३४ फ्लॅट होते आणि ५१ फ्लॅटच्या ९१ खरेदीदारांनी सगळ्यांच्या वतीनं तक्रार केली. ब्रिगेड एंटरप्रायझेस विरुद्ध अनिल कुमार विरमानी या नावानं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ डिसेंबर २०२१ला न्यायालय म्हणालं की सगळ्यांचं हित सारखं असल्याचं तक्रारीत पुरेसं मांडलेलंच नाही, सबब प्रातिनिधिक तक्रार चालणार नाही. पण या ९१ जणांची आपापली मिळून संयुक्त तक्रार चालेल. आपल्याला नेमकं हेच हवं. माणसं मोजकी आहेत, नावं माहीत आहेत, सगळे सही करायला तयार आहेत. ४१ तक्रारदार, एक तक्रार, कलम ३५(१)(अ). जाहिरात नाही, वेगळी परवानगी नाही, आणि उद्या कोणी फुटलाच तर त्याचं एकट्याचं नाव कमी होतं, बाकीचे उभे राहतात.

तुम्ही लिहिता की करारात 'वाद दुसऱ्या राज्यात, लवादापुढे', म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचापुढे, असं छापलंय. त्याला घाबरू नका. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे यवतमाळला. आणि लवादाचं कलम ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद करत नाही, हे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८मध्ये पक्कं झालंय. तुमच्या सगळ्यांची रक्कम मिळून ७१,७५० रुपये होते. सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. लावायचा असेल तर भाजीवाल्या बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या भावांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७प्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या.

खरी लढाई वेगळ्याच ठिकाणी होईल, आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. कंपनीचा वकील उठून पहिलं वाक्य म्हणेल, "हे दुकानदार आहेत, ग्राहक नाहीत. सेवा धंद्यासाठी घेतली." 'व्यापारी हेतू'नं घेणाऱ्याला कायद्यानं ग्राहकातून वगळलेलं आहे. मात्र जो स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू वापरतो, त्याचा हेतू व्यापारी धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वतः ऑटो चालवून पोट भरणाऱ्याचं उदाहरण दिलंय, आणि मदतीला एक-दोन माणसं असली तरी तो ग्राहकच राहतो असं म्हटलंय. तुमचा पानठेला त्यात बसतो. अडचण अशी की २०१९च्या कायद्यातलं हे स्पष्टीकरण फक्त वस्तूंबद्दल आहे. जुन्या कायद्यात 'सेवा' हा शब्दही होता, नव्यात तो गळला. तो शब्द गळायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण डब्बा, क्यूआर, इंटरनेट ही आज ठेलेवाल्याची हत्यारं आहेत आणि ती त्याला सेवा म्हणूनच मिळतात. आपली बाजू दोन पायांवर उभी करायची. एक, डब्बा ही भाड्यानं दिलेली वस्तू आहे आणि ठेलेवाला ती स्वतः वापरतो. दोन, लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या २०१९च्या निकालानं सांगितलेली कसोटी: व्यवहाराचा मुख्य हेतू थेट नफा कमावण्याशी जोडलेला आहे का? तुमच्या डब्ब्यानं एक पानही जास्त विकलं नाही, पैसे आले एवढंच तो सांगायचा. म्हणून तक्रारीत प्रत्येकाच्या नावासमोर लिहा: ठेला स्वतः चालवतो, घर यावरच चालतं. यादीतल्या कृषी केंद्रवाल्याकडे तीन गडी आहेत, त्यांचं नाव मी या तक्रारीत घेणार नाही. त्यांना राग आला तरी चालेल, त्यांच्यामुळे ४० जणांच्या पायात काटा नको.

दुसरी सावधगिरी. 'यूपीआयवर पैसे लावता येत नाहीत, म्हणून भाडं बेकायदा' असं लिहू नका. १ जानेवारी २०२०पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही हे खरं, पण यंत्राचं भाडं निराळं असतं. तुमचं म्हणणं साधं आणि जास्त भक्कम आहे: 'फुकट' सांगून दिलं आणि न विचारता कापलं. ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ४१ जणांना एकाच तोंडानं एकच शब्द सांगितला गेला हाच मोठा पुरावा.

तो पुरावा आता गोळा करा. प्रत्येकाचं बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट. त्या पोराचा नंबर, त्यानं पाठवलेले मेसेज. कोणाच्या ठेल्यावर 'फ्री' लिहिलेलं स्टिकर अजून चिकटलेलं असेल तर ते खरवडू नका, जागेवरच फोटो घ्या. मोबाईलमधले मेसेज आणि स्क्रीनशॉट लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे तो पुरावा कुठल्या फोनमधून कसा घेतला हे सांगणारं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्याच्या फोनमध्ये ते आहेत, त्याचा फोन विकू देऊ नका. कपात ऑटोपेमधून (खात्यातून आपोआप पैसे कापायची आधी दिलेली परवानगी) होत असेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन ते रद्द करा. डब्बा परत करताना पोच घ्या, पोच देत नसेल तर परत करू नका. मुदत दोन वर्षांची आहे, पहिल्या कपातीपासून मोजली तर हातात दहा महिने आहेत. सोयाबीन निघू दे, कापूस निघू दे असं करत बसलात तर ते पुरणार नाहीत.

आणखी एक अर्ज, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हा पोरगा फक्त तुमच्या गावात आला नसेल. याच ग्राहक कायद्याच्या कलम १७प्रमाणे ग्राहकवर्गाच्या हिताला बाधा आणणाऱ्या प्रकाराची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही देता येते. ऑगस्ट २०२५मध्ये या प्राधिकरणानं रॅपिडोला फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाखांचा दंड केला आणि '५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये' या शब्दाप्रमाणे ज्यांना ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते द्यायला लावले. अमेरिकेच्या व्हिडिओपेक्षा हे उदाहरण तुमच्या जवळचं आहे. साध्या कागदावर, ४० सह्यांनिशी, मराठीत द्या आणि आवक क्रमांक घ्या.

तुमच्या यादीतल्या ज्या सहा जणांच्या बँक खात्यावर 'होल्ड' लागलाय, म्हणजे पैसे अडकलेत, त्यांचं ते प्रकरण यात मिसळू नका. तो बहुधा कुठल्यातरी पोलीस ठाण्याच्या सायबर तक्रारीवरून लागलेला असतो. ठाणं कोणतं आणि तक्रार क्रमांक काय, हे त्यांनी बँकेकडून लेखी घ्यावं आणि मला वेगळं लिहावं. भाड्याच्या तक्रारीत त्यांची नावं राहतीलच.

तक्रार दाखल झाल्यावर आयोग कदाचित मध्यस्थीला पाठवेल. जा. तडजोड वाईट नसते, चोरून केलेली वाईट. तिथं कागद मराठीत मागा. त्यात प्रत्येकाचं नाव, रक्कम, पैसे येण्याची तारीख, पुढची कपात बंद आणि डब्बा परत घेतल्याची नोंद एवढं हवंच. त्यावर आयोगाचा आदेश होईपर्यंत कुणीही सही केलेली प्रत कंपनीच्या माणसाच्या हाती देऊ नये.

येत्या बाजारी तो आला की त्याला ठेल्यावरच बसवा, चहा पाजा, आणि जे बोलायचं ते चार जणांसमोर बोलायला सांगा. नाही म्हणाला तर तो आल्याची तारीख, वेळ आणि हजार रुपयांची गोष्ट त्याच वहीत लिहून खाली दोघांच्या सह्या घ्या.