५९९ रुपयांत विंडोज प्रो आणि ऑफिस 'लाइफटाइम' मिळतंय, घेतलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की घाटंजीजवळच्या गावात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान टाकताय. त्यासाठी नागपुराहून जुना डेस्कटॉप आणलाय. मोबाइलवरच्या एका ग्रुपात कोणी विंडोज प्रो आणि ऑफिस मिळून ५९९ ला देतोय, आणि बिल मागितलं तर 'डिजिटल आयटमचं बिल नसते' म्हणतोय. मित्रानं वर्षाआधी त्याच्याकडूनच घेतलं, अजून चालू आहे.

भाऊ, मी दारव्ह्याला हाच धंदा करतो आणि 'चालून राह्यलं ना बे, मंग काय पाह्यतं?' हे वाक्य मीही लोकांना ऐकवलेलं आहे. म्हणून आधी कपाशीचं सांगतो. मान्यता नसलेलं एचटीबीटी (तणनाशक सहन करणारं) बियाणं आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर गुपचूप येतंच. ते उगवत नाही असं नाही, उगवतं. पण बिल नाही, लॉट नंबर खरा की खोटा माहीत नाही. उद्या बोंडं धरली नाहीत तर कृषी अधिकाऱ्यापुढे ठेवायला हातात काय? सॉफ्टवेअरच्या कीचं, म्हणजे ते चालू करायला टाकायच्या कोडचं, असंच आहे. 'अ‍ॅक्टिव्हेटेड' आलं म्हणजे उगवलं, एवढंच. विकणाऱ्याला ती विकायचा हक्क होता का, हे त्यावरून कळत नाही.

या स्वस्त की येतात कुठून? बऱ्याचशा व्हॉल्यूम की असतात, म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीला किंवा कॉलेजला त्यांच्याच कॉम्प्युटरांसाठी मिळालेल्या. तिथून कोणीतरी बाहेर काढतो आणि एकच की शेकड्यांनी विकतो. अशा कीला किती मशिनांवर चालायचं याची मर्यादा असते. हार्डडिस्क बदलून विंडोज पुन्हा टाकायला गेलात की 'मर्यादा संपली'. दुसरा प्रकार केएमएसचा, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून विंडोज चालू ठेवायचा. त्यात कॉम्प्युटरला दर १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडे हजेरी लावावी लागते. विकणारे लोक खोटा सर्व्हर उभा करून ही हजेरी लावून घेतात. काही की चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात, त्या नंतर बंद पडतात. आणि 'अँटिव्हायरस बंद करून ही फाइल चालवा' असं सांगितलं, तर तिथंच थांबा. गिऱ्हाइकांचे आधार अन् बँक पासबुक ज्या मशीनवर स्कॅन होतात, तिची किल्ली आपण अनोळखी माणसाला देत असतो.

आता माझं. मी ४५० रुपयांत 'लाइफटाइम ऑफिस ३६५' घेतलं होतं. मुळात ३६५ हे वर्गणीचं, महिन्याचं किंवा वर्षाचं. मायक्रोसॉफ्ट कंपनी ते लाइफटाइम विकतच नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. की नव्हती, थेट ईमेल आणि पासवर्ड आला. लॉगिन केलं तर वरच्या कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी शाळेचं नाव. हसलो आणि कामाला लागलो. वर एक टीबी जागा फुकट, म्हणून गिऱ्हाइकांचे स्कॅन तिथंच ठेवायचो. पुढे जुलैअखेर पीकविम्याची झुंबड, दारात वीस-पंचवीस माणसं, आणि खातं बंद. फाइली गेल्या. लोकांना पुन्हा सातबारा आणा, पासबुक आणा म्हणताना जी लाज वाटली ती ४५० पेक्षा फार महाग पडली. विकणाऱ्यानं नंबर ब्लॉक केला. नंतर समजलं की अशा खात्याचा मालक ती संस्था असते. तिचा अ‍ॅडमिन खातं केव्हाही पुसू शकतो आणि मनात आणलं तर आत ठेवलेलं पाहूही शकतो. म्हणजे दोनेक वर्षं माझ्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं मी कोणाच्या घरात ठेवत होतो, मलाच माहीत नाही.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम ६३ब: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्टाला कैद माफ करता येते. तुमचं दुकान आहे, त्यामुळे ती सवलत धरून चालू नका. विकणारे 'युरोपच्या कोर्टानं परवानगी दिली आहे' असंही सांगतात. तो २०१२ चा निकाल आहे, पण तो युरोपातला, आणि पहिल्या मालकानं स्वतःची प्रत वापरणं बंद करून लायसन्स पुढे विकण्याबद्दलचा. एकच की शंभर जणांना विकण्याशी त्याचा संबंध नाही.

स्वस्त म्हणजे खोटंच, असंही नाही. अँटिव्हायरसचा डबा तालुक्याच्या डीलरकडे छापील किमतीपेक्षा बराच कमी पडतो, आणि तो अस्सल असतो. फरक कुठे? डबा सीलबंद असतो, की तुम्ही कंपनीच्याच साइटवर तुमच्या नावानं नोंदवता, मुदत त्या दिवसापासून सुरू होते आणि पक्कं बिल मिळतं. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानदाराचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. उलट विंडोज प्रोची किंमत मायक्रोसॉफ्टच्या साइटवर पाच आकडी आहे. डीलर हजार-पाचशे सोडेल, पण ५९९ मध्ये ऑफिससकट कोणाला परवडणार?

तुमच्या बाबतीत कदाचित विकत घ्यायची गरजच नसेल. विंडोज १० किंवा ११ सोबत आलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये की बहुधा मदरबोर्डमध्येच भरलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकून इंटरनेट जोडा, आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. प्रोसेसर किती जुना तेही पाहा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक मशिनांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ५९९ ची की यावर काही करत नाही.

ऑफिसच्या जागी लिबरऑफिस टाका. फुकट आहे, कायदेशीर आहे, दुकानातही वापरता येतं. अर्ज, बायोडाटा, बचत गटाचा हिशेब सगळं त्यावर होतं. युनिकोड मराठीला अडचण नाही. (श्रीलिपीतल्या जुन्या फाइली मात्र त्या फॉन्टशिवाय कुठेच धड दिसत नाहीत, तो राग लिबरऑफिसवर काढू नका.) लग्नपत्रिका करणार असाल तर इंकस्केप हे डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर शिका. आमचा फ्लेक्सवाला आधी कोरलड्रॉची (डिझाइनच्या विकतच्या सॉफ्टवेअरची) फाइलच पाहिजे म्हणून अडला होता, आता पीडीएफ घेतो.

आणि मित्राचं कॉम्प्युटर. विंडोज आणि आर ही बटणं सोबत दाबून एसएलएमजीआर, एक जागा, मग स्लॅश डीएलआय असं इंग्रजीत टाका. खिडकी उघडेल. त्यात 'ओईएम' दिसलं तर की बहुधा मशीनसोबतची आहे. 'रिटेल' दिसलं तरी बिल नसेल तर शंका राहतेच. 'व्हॉल्यूम' दिसलं, तर त्याला म्हणा आज दुकान बंद करायच्या आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घे.